बॉल हवेत असताना: टीम डिफेन्स, रिबाउंड आणि झटपट निर्णयांचा दीड तासाचा सराव

पुण्यातल्या शाळा-कॉलेजांच्या बास्केटबॉल संघांच्या पदरी साधारण सारखंच पडतं: सिमेंटचं एक उघडं कोर्ट, दोन रिंगा, बारा-चौदा खेळाडू, पाच-सहा बॉल आणि दीड तास. त्यातली दहा मिनिटं कोर्टावरची स्केटिंगची बॅच उठेपर्यंत जातात आणि उरलेल्या वेळातला मोठा हिस्सा लेअपच्या (पळत येऊन रिंगजवळून मारायच्या शॉटच्या) दोन रांगा खातात. रांगेतल्या खेळाडूच्या हाती मिनिटाला एकदा बॉल येतो, बाकी वेळ गप्पा. शूटिंगचं एक वेळ ठीक आहे, पण डिफेन्स आणि रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल मिळवणं) रांगेत शिकवताच येत नाहीत, कारण दोन्हींत अंगावर येणारा विरोधी खेळाडू लागतो.

खालचा सराव १२ जणांसाठी बेतलेला आहे आणि त्यातल्या सगळ्या ड्रिलमागे सूत्र एकच: जे करायचं ते बॉल हवेत असतानाच. पास हवेत असताना डिफेन्सने जागा बदलायची, शॉट हवेत असताना आपला माणूस शोधून अडवायचा आणि आपल्याकडे पास येत असतानाच पुढचं ठरवायचं. बॉल कुणाच्या तरी हातात पडल्यावर हललात तर उशीर झालेला असतो, मग पाय कितीही चपळ असोत.

आधी कोर्ट आणि बॉल

साहित्य फार लागत नाही. खडू, शिट्टी, सहा बिब्स, चार कोन (नसतील तर पाण्याच्या बाटल्या) आणि मोबाइलवरचं स्टॉपवॉच. बॉल कॉलेजच्या मुलांना ७ नंबरचा, मुलींना ६ नंबरचा. डिसेंबरच्या सकाळी थंडीने आतल्या हवेचा दाब उतरतो आणि बॉल मऊ पडतो. साधारण १.८ मीटर उंचीवरून सोडलेल्या बॉलचा माथा १.२ ते १.४ मीटरपर्यंत उसळायला हवा. त्याहून कमी उसळत असेल तर आधी पंप मारा, नाहीतर रिबाउंडचा सगळा अंदाज चुकतो.

सिमेंटच्या कोर्टावर खरी अडचण धुळीची. डिफेन्समध्ये पाय घसरले की मुलं आपोआप उभी राहून खेळायला लागतात आणि कोच त्यांना आळशी समजतो. साइडलाइनवर एक ओलं पोतं टाकून ठेवा, दर ड्रिलआधी प्रत्येकाने बुटांचे तळवे त्यावर पुसायचे. पावसाळ्यात वायपरने पाणी काढलं तरी बेसलाइनच्या कडेला शेवाळ राहतं. तिथे खराट्याने घासल्याशिवाय कुणाला पळवू नका. कोर्ट अगदीच ओलं असेल तर स्टान्स (डिफेन्सची बैठक), पिव्होट (एक पाय रोवून वळणं) आणि पुढे दिलेली वर्तुळाची ड्रिल शाळेच्या पोर्चमध्येही होते.

९० मिनिटांची वाटणी अशी: वॉर्मअप आणि स्लाइड १०, क्लोजआउट (पास मिळालेल्या खेळाडूकडे धावत जाऊन त्याला अडवणं) १२, शेल (चार विरुद्ध चार टीम डिफेन्सची ड्रिल) २२, रिबाउंड १८, निर्णयाच्या ड्रिल १८ आणि दमलेल्या पायांनी फ्री थ्रो १०. हिवाळ्यात सकाळी सहाला सुरू करत असाल तर वॉर्मअप पाच मिनिटांनी वाढवा आणि ती पाच फ्री थ्रोमधून कापा. शेलमधून कापू नका.

क्लोजआउट: शेवटचे दोन मीटर

डिफेन्डर बॉल घेऊन रिंगखाली, अटॅकर विंगला, म्हणजे रिंगच्या एका बाजूला, तीन पॉइंटच्या रेषेवर. ही रेषा आता रिंगच्या मध्यापासून ६.७५ मीटरवर असते. २०१० पर्यंत ती ६.२५ मीटरवर होती आणि जुन्या कोर्टांवर अजून तीच दिसते. तसं असेल तर खडूने नवीन रेषा मारून घ्या, कारण या ड्रिलमध्ये अंतरालाच महत्त्व आहे.

डिफेन्डर पास देतो आणि पास हातातून सुटताच निघतो. पहिले चार मीटर जीव खाऊन पळायचं. शेवटच्या दोन मीटरमध्ये पावलं बारीक आणि पटपट, बूड खाली, अंगाचा भार किंचित मागे. एक हात शूटरच्या डोळ्यांसमोर वर, दुसरा बाजूला पसरलेला. हात लांब केला तर बोटं त्याच्या छातीला टेकतील एवढ्या अंतरावर थांबायचं. मग अटॅकरला दोनच ड्रिबल. गोल, स्टॉप (डिफेन्सने चाल रोखणं) किंवा रिबाउंड झाला की जागा बदला. दोन्ही रिंगांवर एकाच वेळी चालवा, म्हणजे एका ठिकाणी सहाच जण राहतात.

हमखास होणारी चूक म्हणजे शेवटपर्यंत त्याच वेगाने पळत जाऊन उडी मारणं. समोरचा नुसता खांदा हलवतो आणि बाजूने निघून जातो. यावर ‘उडी मारू नकोस’ असं ओरडण्यापेक्षा शूटरच्या दोन मीटर अलीकडे खडूची रेघ मारा आणि तिथून पुढे पावलांचा आवाज ऐका. सिमेंटवर बारीक पावलं स्पष्ट ऐकू येतात. टप-टप-टप असा आवाज आला तर बरोबर, दोनच धप्प ऐकू आले तर पुन्हा.

दुसरी चूक, दोन्ही पाय समांतर ठेवणं. समांतर पाय म्हणजे अटॅकरला दोन्ही रस्ते मोकळे. मधल्या बाजूचा पाय अर्धं पाऊल पुढे हवा, म्हणजे तो बेसलाइनकडेच जाईल. मधून गेलेला अटॅकर डावीकडे, उजवीकडे, मागे, कुठेही पास देऊ शकतो आणि मदतीला कुणी यायचं यावर डिफेन्समध्ये गोंधळ उडतो. बेसलाइनकडून गेला तर एक बाजू रेषेनेच बंद केलेली असते आणि मदत कुठून येणार हे पाचही जणांना आधीच माहीत असतं. काही कोच उलटं, मध्ये ढकलायला शिकवतात. तेही चालतं, पण एका संघात एकच नियम हवा.

शेल: सगळ्यात जास्त वेळ इथे

चार विरुद्ध चार, अर्धं कोर्ट. दोन अटॅकर वर, फ्री थ्रो लाइनच्या दोन बाजूंना, तीन पॉइंटच्या रेषेबाहेर. दोन खाली, कोपऱ्यांच्या जरा वर. उरलेले चार बाहेर थांबतात. दर दोन-तीन मिनिटांनी बाहेरचे चार अटॅकला, अटॅकचे डिफेन्सला, डिफेन्सचे बाहेर.

कुणी कुठे उभं राहायचं हे बॉलवरून ठरतं. बॉल ज्याच्याकडे त्याचा डिफेन्डर एका हाताच्या अंतरावर. एका पासच्या अंतरावरचा डिफेन्डर आपला माणूस आणि बॉल यांच्या रेषेत हात घालून. दोन पास लांब असलेल्याने सरळ पेंटमध्ये (रिंगखालपासून फ्री थ्रो लाइनपर्यंतच्या आयतात) एक पाय टाकायचा, एक हात बॉलकडे आणि एक आपल्या माणसाकडे दाखवायचा. हात दाखवायला लावणं पोरकट वाटतं, मोठी मुलं तर हसतात, पण दोन्हीकडे हात दाखवणारा खेळाडू दोन्हीकडे बघतो. नुसतं ‘बघ’ म्हटल्यावर तो फक्त बॉल बघतो.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. मोबाइलवर एनबीए बघणाऱ्या मुलांना वाटतं की डिफेन्डरला पेंटमध्ये तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. तो नियम एनबीएचा. आपण ज्या फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनी खेळतो त्यात तीन सेकंदांची मर्यादा फक्त अटॅकला आहे. मदतनीस पेंटमध्ये हवा तेवढा वेळ उभा राहू शकतो, आणि त्याने राहावंच.

ड्रिल चार टप्प्यांत न्या. पहिल्या टप्प्यात ड्रिबल नाही, शॉट नाही. अटॅकर बॉल दोन सेकंद धरून पुढे पास देतो, डिफेन्स सरकतो. दुसऱ्यात बॉल फक्त एक सेकंद धरायचा. इथे कोचचं मुख्य काम म्हणजे पास हवेत असताना शिट्टी मारणं. सगळ्यांनी आहे तिथे थिजायचं. चौघांचेही पाय जुन्या जागेवरून निघालेले आहेत का ते बघा. बहुतेक कोच बॉल हातात पडल्यावर शिट्टी मारतात, तेव्हा सगळे योग्य जागी दिसतात आणि कोच खूश होतो. प्रत्यक्ष मॅचमध्ये तेवढी उसंत कुणी देत नाही.

तिसऱ्या टप्प्यात खालच्या अटॅकरला बेसलाइनने ड्राइव्ह करू द्या. त्याचा डिफेन्डर मुद्दाम हरतो. आता तीन गोष्टी एकाच वेळी व्हायला हव्यात. पलीकडचा खालचा डिफेन्डर पेंट ओलांडून येतो आणि ड्रायव्हरला रिंगपाशी नाही, तर पेंटच्या कडेलाच गाठतो. रिंगखाली १.२५ मीटर त्रिज्येचं नो-चार्ज अर्धवर्तुळ असतं; त्यात उभं राहून धडक घेतली तरी चार्जिंग (अटॅकरचा धडकेचा फाउल) मिळत नाही, उलट फाउल बहुधा आपल्यावरच येतो. त्याच क्षणी मदतनीसाच्या बाजूचा वरचा डिफेन्डर खाली उतरून मदतनीसाने सोडलेला माणूस घेतो. आणि जो हरला तो बॉलमागे धावत नाही, तो पेंटमध्ये येऊन मोकळा राहिलेला माणूस शोधतो. या तिसऱ्या गोष्टीत सगळे चुकतात. हरलेला खेळाडू अपराधी मनाने बॉलच्या मागे पळतो, मग एका बॉलवर दोघे आणि वर एक शूटर मोकळा.

मदतीला येणारा उशिरा येतो त्याचं कारण पायात क्वचितच असतं. तो आधीच आपल्या माणसाला चिकटून उभा होता, पेंटमध्ये पाय नव्हता. त्याला जोरात पळायला सांगून काही होत नाही, जागा सुधारा.

चौथा टप्पा खुला खेळ. डिफेन्सने सलग तीन स्टॉप मिळवायचे, तेव्हाच बाहेर पडायचं. स्टॉप कधी मोजायचा? रिबाउंड हातात आल्यावर. शॉट चुकवायला लावला आणि बॉल पुन्हा अटॅकच्या हाती गेला तर मोजणी शून्यावर. फिबात अशा वेळी शॉट क्लॉक (शॉट मारायला मिळणारा वेळ) १४ सेकंदांवर येतो, म्हणजे दमलेल्या पाचांना परत १४ सेकंद डिफेन्स करावा लागतो.

बोलणं हा शेलचा अर्धा भाग आहे. शब्द तीनच ठेवा: ‘बॉल’, ‘हेल्प’, ‘कट’. पुण्यातली मुलं एरवी भरपूर बोलतात, डिफेन्समध्ये मात्र मौन धरतात. ज्या फेरीत तिन्ही शब्द ऐकू आले नाहीत ती फेरी, स्टॉप मिळाला तरी, रद्द करा. दोन दिवसांत आवाज येतो.

पिक अँड रोल, ट्रॅप, झोन (माणसाऐवजी जागा राखणारा डिफेन्स) हे सगळं नंतर. १४ वर्षांखालच्या गटात तर चौथा टप्पा नीट जमेपर्यंत झोनला हातच लावू नका. झोनने लहान गटात मॅच जिंकता येतात आणि म्हणूनच तो मोह पडतो, पण १७ वर्षांखालच्या गटात गेल्यावर त्याच मुलांना आपला माणूस धरता येत नाही.

रिबाउंड: उंचीआधी जागा

रिंग ३.०५ मीटर उंच आहे आणि चुकलेला बॉल बऱ्याचदा खूप खाली येईपर्यंत कुणाच्याच हाती लागत नाही. म्हणून उडीपेक्षा जागा महत्त्वाची. कोपऱ्यातून मारलेला शॉट चुकला तर तो बहुतेक वेळा पलीकडच्या बाजूला पडतो. समोरून मारलेला बराचसा पुढेच येतो. लांबून मारलेला लांब उसळतो. त्यातही प्रत्येक कोर्टाचा स्वभाव वेगळा. एखादी रिंग सैल असते, ती बॉल खाली टाकते. एखादी भिंतीसारखी ताठ, ती फ्री थ्रो लाइनपर्यंत फेकते. सरावाच्या पहिल्या दिवशी एका विंगवरून ३० शॉट मारा आणि चुकलेला प्रत्येक बॉल जमिनीवर पहिल्यांदा कुठे टेकला तिथे खडूने फुली करा. फुल्यांचा पुंजका कुठे झाला ते मुलांना स्वतःच दिसतं. दुसऱ्याच्या कोर्टावर मॅच असेल तर वॉर्मअपमध्ये एकाला हेच काम द्या, खडूशिवाय.

बॉक्स आउटचे (आपल्या माणसाला पाठीने अडवून बॉलपासून दूर ठेवण्याचे) पाच टप्पे मुलांना असे पाठ करून घ्या: बघ, भिड, वळ, बस, झेप. शॉट सुटताच आधी आपला माणूस बघायचा, बॉल नाही. आडव्या हाताने त्याच्या छातीशी भिडायचं. मग पिव्होट करून वळायचं आणि पाठ त्याला लावायची. बूड खाली करून बसायचं, हात कोपरात वाकवून बाजूला, पंजे उघडे आणि समोरच्यांना दिसतील असे. मग बॉलवर झेप. नव्वद टक्के गडबड पहिल्या टप्प्यातच होते: शॉट सुटला की मान वर जाते आणि तेवढ्यात समोरचा आत शिरतो. आणि मागे हात नेऊन त्याला धरलं तर फाउल ठरलेला. फिबात पाच फाउलला खेळाडू बाहेर आणि एका क्वार्टरमध्ये संघाचे चार झाल्यावर पुढच्या प्रत्येक डिफेन्सिव्ह फाउलला फ्री थ्रो, हे लक्षात असू द्या.

पहिली ड्रिल वर्तुळाची. कोर्टाच्या मधल्या वर्तुळाची त्रिज्या १.८० मीटर असते. मध्ये बॉल ठेवा, वर्तुळाच्या कडेला तीन जोड्या. शिट्टी वाजली की आतल्यांनी बॉक्स आउट करून बाहेरच्यांना पाच सेकंद बॉलला हात लावू द्यायचा नाही. ढकलाढकली झाली तर होऊ द्या, फक्त हातांवर लक्ष ठेवा. पाच सेकंद छोटे वाटतात, पण चौथ्या सेकंदाला बूड वर येतं आणि बॉल जातो. म्हणूनच पाच.

दुसरी, तीन विरुद्ध तीन. कोच विंगवरून शॉट मारतो, पण त्याआधी ‘बदल’ असं ओरडतो. तिन्ही डिफेन्डरांनी आपल्या उजवीकडचा माणूस घ्यायचा. मॅचमध्ये मदत करून आल्यावर समोर नेहमी दुसऱ्याच कुणाचा माणूस असतो, त्याची ही सवय. गुण असे द्या: डिफेन्सने रिबाउंड घेतला तर १, अटॅकने घेतला तर त्यांना २. आणि बॉल कुणाच्याही हाताला न लागता जमिनीवर टप्पा पडला, तिन्ही अटॅकर अडवलेले राहिले, तर डिफेन्सला २. हा शेवटचा गुण जरूर ठेवा. त्याने उंच मुलाला कळतं की रिबाउंड त्याच्या एकट्याचा नाही, आणि बुटक्या गार्डलाही काम मिळतं.

रिबाउंड घेतल्यावर पाय पसरून उतरायचं, बॉल हनुवटीखाली दोन्ही हातांत घट्ट, कोपरं बाहेर पण न फिरवता. जवळच्या साइडलाइनकडे वळायचं आणि फ्री थ्रो लाइनच्या पातळीवर कडेला आलेल्या गार्डला पास. बॉल कमरेपाशी आणला की समोरचा सगळ्यात छोटा खेळाडू तो काढून घेतो. हे ओरडून सांगण्यापेक्षा दोन छोट्या गार्डना मुद्दाम रिबाउंडरच्या आसपास सोडा.

फ्री थ्रोच्या वेळी कडेला जास्तीत जास्त पाच जण उभे राहतात, तीन डिफेन्सचे आणि दोन अटॅकचे, आणि रिंगजवळच्या दोन जागा डिफेन्सच्या. शूटरच्या हातातून बॉल सुटेपर्यंत आत पाऊल नाही. तिसऱ्या डिफेन्डरचं एकमेव काम शूटरला अडवणं; शालेय सामन्यांत शूटरच स्वतःचा चुकलेला बॉल उचलून गोल करतो, कारण त्याच्याकडे कुणी बघतच नाही.

झटपट निर्णय

एक लोकप्रिय ड्रिल टाळा: कोच बोटं दाखवतो आणि खेळाडू ड्रिबल करता करता आकडा सांगतो. नजर वर राहते हे खरं, पण मॅचमध्ये बोटं वाचायची नसतात, डिफेन्डर वाचायचा असतो. त्याऐवजी क्लोजआउटचीच ड्रिल घ्या आणि कोचने अटॅकरच्या पाठीमागे उभं राहून डिफेन्डरला हाताने खूण करावी: डावीकडून ये, उजवीकडून ये, किंवा लांबच थांब. अटॅकरला खूण दिसत नाही. पास झेलताना पायांची ठेवण बघून त्याने अर्ध्या सेकंदात ठरवायचं. लांब थांबला तर शूट, एका अंगाने आला तर दुसऱ्या अंगाने ड्राइव्ह, आणि मॅचमध्ये दोघे आले तर पास. बॉल डोक्यावर धरून विचार करत राहिला तर चाल रद्द, गोल झाला तरी.

मग तीन विरुद्ध दोन, परत येताना दोन विरुद्ध एक. तिघे मधून निघतात, समोर दोन डिफेन्डर एकामागे एक. शॉट, गोल किंवा टर्नओव्हर झाला की ते दोन डिफेन्डर अटॅक करत उलट्या दिशेने येतात आणि तिघांपैकी शेवटचा शॉट मारणारा किंवा बॉल घालवणारा त्यांच्यासमोर एकटा मागे पळतो. दोन विरुद्ध एकमध्ये दोघे मध्याकडे सरकतात आणि एकच डिफेन्डर दोघांना पुरतो. त्यांच्यात निदान चार मीटर अंतर हवं; पेंट ४.९ मीटर रुंद आहे, तेव्हा तो दोघांच्या मध्ये राहील असे पळा म्हणजे मोजायला नको. पास कधी? डिफेन्डरची छाती बॉलकडे वळेल तेव्हा. तोवर स्वतः रिंगकडे जात राहायचं. आणि पास टप्प्याचा द्या, कारण त्याचे हात वर असतात.

शेवटी सगळं एकत्र करणारी ड्रिल, तिला ‘एकाला उशीर’ म्हणा. चार अटॅकर बेसलाइनवर, त्यांच्यासमोर चार डिफेन्डर फ्री थ्रो लाइनच्या पातळीवर. कोच एका अटॅकरकडे पास टाकतो, त्याच्यासमोरच्या डिफेन्डरला आधी बेसलाइनला हात लावून मग मागे पळायचं. अटॅकला पलीकडच्या रिंगवर चार विरुद्ध तीन, आणि शॉट १० सेकंदांत. डिफेन्सच्या तिघांचा क्रम पक्का हवा: पहिला रिंग राखतो, दुसरा बॉल अडवतो, तिसरा बॉलच्या बाजूचा शूटर धरतो. उशिरा आलेला चौथा बॉलकडे न जाता लांबच्या बाजूचा मोकळा माणूस घेतो, अगदी शेलमध्ये हरलेल्याने केलं तसंच. तिघेही बॉलकडे धावले की एकच लांब पास पडतो आणि गोल.

इथे अटॅकला ड्रिबलची मर्यादा घाला, प्रत्येकी दोन. नाहीतर सगळ्यात चांगला ड्रिबलर चौघांचा फायदा एकट्याच्या हट्टात घालवतो, आणि तेवढ्यात चौथा डिफेन्डर परत पोहोचलेला असतो.

परीक्षांच्या दिवसांत किंवा मुसळधार पावसाच्या सकाळी बाराचे आठ होतात. तेव्हा शेल तशीच चालवा, मात्र दर दोन मिनिटांनी एक मिनिट थांबा, कारण बाहेर बसायला कुणी नाही. ‘एकाला उशीर’ अर्ध्या कोर्टावर आणा आणि उशिराच्या डिफेन्डरला मधल्या रेषेला हात लावून यायला सांगा. सहाच आले तर तीन विरुद्ध तीन खेळवा. दोन पास लांबची जागा रिकामी पडते, तिथे कोचने स्वतः अटॅकर म्हणून उभं राहावं आणि आपल्याकडे कुणाचंच लक्ष नाही असं दिसलं की बॉल मागून घ्यावा.